जूनचा पट

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा सगळ्यांचं लक्ष पहिलीच्या वर्गाकडे असतं. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, पोरांच्या हातात फुगे, सरपंचांच्या हस्ते पुस्तकं, मग फोटो. दहावीच्या वर्गाकडे त्या दिवशी कुणी फिरकत नाही. तिथे वर्गशिक्षक नवं हजेरीपत्रक उघडतात आणि नववीतून वर चढलेली नावं एकेक करून पुकारतात. बहुतेकांचं ‘हजर’ येतं. एखाद्या नावाला येत नाही. दुसऱ्यांदा पुकारल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी सांगतं, “सर, ती नाही येणार आता. तिचं लग्न झालं मे महिन्यात.” किंवा, “तो चाकणला गेला, कामाला.” सरांचं पेन थांबतं. नाव ते लगेच खोडत नाहीत. पेन्सिलीनं बाजूला एक टिंब करतात आणि पुढचं नाव घेतात.

हे दृश्य कुठल्या एका शाळेचं नाही. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या कितीतरी वर्गांत ते दर जूनमध्ये दिसतं. ज्यांनी खेड्यात दहावीचा वर्ग सांभाळला आहे, त्यांना ते टिंब समजावून सांगावं लागत नाही.

दहावीची चर्चा महाराष्ट्रात होते ती मे महिन्यात, निकालाच्या दिवशी. १३ मे २०२५ रोजी राज्य मंडळाचा निकाल लागला : ९४.१० टक्के. कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांवर, नागपूर ९०.७८ वर. सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी परीक्षेला बसले होते. पेढे वाटले गेले, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले, आणि ते लागायलाच हवेत, कारण पोरांनी कष्ट केले होते. पण ही टक्केवारी काढताना छेदात येतात ती परीक्षेला बसलेली मुलं. जूनमध्ये पटावर होती आणि फेब्रुवारीत नव्हती, ती मुलं ना अंशात येतात ना छेदात. दहावीच्या वर्षाची खरी गोष्ट जूनचा पट आणि फेब्रुवारीचा पट यांच्यामधल्या त्या फरकात आहे, आणि तो फरक निकालाच्या बातमीत कुठेच छापून येत नाही.

वर्ष कधी सुरू होतं, इथूनच मुलामुलांत अंतर पडायला लागतं. शहरात नववीचा शेवटचा पेपर झाला की चार दिवसांत क्लासची व्हेकेशन बॅच लागते. जूनपर्यंत बीजगणिताची दोन-तीन प्रकरणं उरकलेली असतात. गोव्यात तर २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिललाच भरले. राज्य मंडळाच्या शाळा त्या वर्षी १६ जूनला उघडल्या, आणि विदर्भात उन्हामुळे २३ जूनला. परीक्षा मात्र सगळ्या विभागांची एकाच दिवशी. ती पूर्वी मार्चच्या पहिल्या तारखांना सुरू व्हायची. २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला सुरू झाली. गणपती, दिवाळीची सुट्टी, सहामाही, स्नेहसंमेलन, सराव परीक्षा वजा केल्या, तर चंद्रपूरच्या एखाद्या जिल्हा परिषद हायस्कूलच्या पोराला शिकायला हातात किती दिवस उरतात, हे त्याच्या शिक्षकांना बोटावर मोजून सांगता येतं.

सीमेपलीकडे बेळगाव-खानापूरच्या मराठी शाळांत हीच इयत्ता एसएसएलसी म्हणून ओळखली जाते. तिथे एकूण गुण ६२५, त्यातले १२५ पहिल्या भाषेचे. तिथल्या मराठी मुलाला कन्नडचाही पेपर तेवढ्याच तयारीनं द्यावा लागतो. नाव वेगळं, पण घरातला धाक तोच.

हा धाक आला कुठून? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ मध्ये झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा. पुढे ती शालान्त परीक्षा झाली, अकरावीच्या शेवटी. १ जानेवारी १९६६ रोजी आजचं राज्य मंडळ पुण्यात सुरू झालं. नवा आकृतिबंध आला आणि मार्च १९७५ मध्ये पहिल्यांदा दहावीच्या शेवटी परीक्षा झाली. त्याच मार्चमध्ये जुन्या अकरावीचीही झाली. म्हणजे एका वर्षाच्या अंतरानं शाळेत आलेल्या दोन पिढ्या एकाच उन्हाळ्यात शाळेबाहेर पडल्या. आज साठी ओलांडलेल्या माणसांना ‘तू जुना अकरावी की नवा दहावी’ हा प्रश्न बरोबर कळतो. खेड्यातली म्हातारी माणसं तर अजूनही नातवाला विचारतात, “औंदा मॅट्रिकला ना रं तू?”

तो शब्द टिकला, कारण त्या दारातून अजूनही तितकीच माणसं आत-बाहेर करतात. आयटीआयला प्रवेश दहावीच्या गुणांवर. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात दहावीच्या गुणांवर. आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून माणूस आयुष्यभर जपतो तेही दहावीचं प्रमाणपत्रच. म्हणून जून-जुलैमध्ये शाळेत आणखी एक काम निघतं, ज्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. वर्गशिक्षक ऑफिसातून जनरल रजिस्टर मागवतात. जाडजूड, कडा झिजलेलं, शाईच्या अक्षरातलं. त्यातलं प्रत्येक नाव आधारकार्डाशी ताडून पाहायचं. आडनावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, आईचं नाव. रजिस्टरवर ‘लक्ष्मीबाई’ आणि आधारवर ‘लक्षमी’ निघालं तर आताच सोडवायचं, कारण गुणपत्रिकेवर आईचं नाव छापून येतं आणि एकदा छापलं की बदलायला वर्षं जातात. जुन्या रजिस्टरांत पानंच्या पानं १ जून ही जन्मतारीख दिसते. गुरुजींनी शाळा उघडण्याच्या हिशेबानं कितीतरी पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं. त्यातल्या अनेकांनी पुढे नोकरीतून निवृत्तीही ३१ मे रोजीच घेतली.

दहावीची सध्याची पुस्तकं २०१८ च्या जूनमध्ये आली. मराठीचं ‘कुमारभारती’, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग. ती चांगली आहेत, आणि हे मोकळेपणानं सांगायला हवं. इतिहासाचं पुस्तक राजे आणि लढायांनी सुरू होत नाही. इतिहास लिहितात कसा, या प्रश्नानं सुरू होतं. भूगोलात भारताशेजारी ब्राझील ठेवला आहे. ज्या मुलीनं अजून शेजारचा जिल्हा पाहिलेला नाही, ती अॅमेझॉनचं खोरं आणि गंगेचं खोरं यांची तुलना करते, पँटानल ही दलदल आहे हे नकाशात दाखवते. गणित भाग एक उघडलं की पहिलंच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. एक्स आणि वाय, दोन्ही माहीत नाहीत, पण त्यांच्याबद्दलची दोन वाक्यं माहीत आहेत. आलेख कागदावर दोन रेषा काढायच्या आणि त्या जिथे छेदतात तो बिंदू शोधायचा. पेन्सिल बोथट असेल तर रेषा जाड येते आणि उत्तर चुकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात गणिताचे सर टोक करायला लावतात. कंपासपेटीची झाकणं वाजतात, पंखा असला तर पेन्सिलीचे छिलके उडतात, आणि निदान त्या तासाला वर्गातली सगळी मुलं एकाच पानावर असतात.

पुढच्या पानाला ती सोबत राहत नाहीत.

कारण पुस्तकं विकत घ्यायची असतात. पहिली ते आठवी ती शाळेतून फुकट मिळतात, नववीपासून नाही. म्हणून मे अखेरीस गावात जुन्या पुस्तकांची देवघेव सुरू होते. पास झालेल्या पोराकडून निम्म्या किमतीत संच घ्यायचा, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, ब्राऊन पेपरचं कव्हर घालायचं. पुण्यात हा व्यवहार अप्पा बळवंत चौकात होतो. तिथे जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गाईड आणि ‘२१ अपेक्षित’ हे त्याच फेरीत घ्यायचे की दिवाळीनंतर, हे घरातल्या पैशावर ठरतं. दुपारची खिचडीही आठवीपर्यंतच. मधल्या सुट्टीत पोषण आहाराचं पातेलं उघडतं तेव्हा वास दहावीच्या वर्गापर्यंत येतो. पण त्या पातेल्यात दहावीच्या पोराचा वाटा नसतो. वाढत्या वयातली, चार-पाच किलोमीटर सायकल मारून आलेली मुलं डबा आणला असेल तर खातात, नाहीतर हापशाचं पाणी पितात.

याचं मूळ एका कायद्याच्या मर्यादेत आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयोगटासाठी. चौदा म्हणजे आठवी. ज्या परीक्षेवर सगळं राज्य डोळे लावून बसतं, ती कायद्यानं दिलेल्या हक्काच्या बाहेर, दोन इयत्ता पलीकडे उभी आहे. मूल आठवीपर्यंत शाळेत आणणं ही सरकारची जबाबदारी. दहावीत बसवणं ही घराची. घराला जमलं तर ठीक. हे बदलायला हवं, आणि ते बदलेपर्यंत निकालाच्या टक्केवारीवर समाधान मानण्यात काही अर्थ नाही.

मुलींसाठी काही दारं उघडी आहेत, हेही खरं. राज्यात मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना सायकल मिळते, आणि त्याच कार्यक्रमातली निळी एसटी सकाळी वस्त्यांवरून मुली गोळा करत येते. ज्या रस्त्यावर ही निळी गाडी वेळेवर धावते, त्या रस्त्यावरच्या शाळेत दहावीला मुली दिसतात. ती आठवडाभर बंद पडली की आधी मोठ्या मुली घरी बसतात. एका गाडीवर एवढं अवलंबून असावं, हे मंत्रालयात बसून लक्षात येणार नाही. फाट्यावर सकाळी सात वाजता उभं राहिलं तर येईल.

सगळ्यात अवघड दहावी ऊसतोडीच्या गावांतली.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत दसरा झाला की मजूर गोळा करणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. मजुरीची उचल तर आधीच घेतलेली असते, कधी पावसाळ्यात बियाण्याला, कधी दवाखान्याला, कधी थोरलीच्या लग्नाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. गळीत हंगाम २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला सुरू झाला. साधारण ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर या काळात टोळ्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. दहावीचं वर्ष याच्यावर ठेवून पाहावं. सहामाही संपते तेव्हा आईबाप निघतात. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, सराव, लेखी परीक्षा, सगळं ते उसाच्या फडात असताना होतं. शाळेचं वेळापत्रक आणि साखर कारखान्याचं वेळापत्रक यांत गरीब घराला एकच निवडता येतं.

सहा ते चौदाच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात : मूल आजीकडे राहतं आणि जेवणाची सोय होते. दहावीचं मूल पुन्हा त्या वयाच्या बाहेर. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं ठरली. ही योजना मोलाची आहे, कारण ती नेमकी या पोकळीसाठी आहे. पण ज्या मुलीला तिथे जागा मिळत नाही, तिच्यापुढे उरतं काय? आजी असेल तर आजीबरोबर मागे राहायचं. सकाळी पाणी, भाकरी, धाकट्या भावाचं दप्तर, आजीची गोळी, मग शाळा. नसेल तर ट्रॉलीत बसून जायचं आणि फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, धाकटं मूल सांभाळायचं. पंधरा वर्षांची मुलगी गावात एकटी ठेवायची नाही म्हणून हंगामाआधी तिचं लग्न उरकणारे आईबाप निर्दय नसतात. ते घाबरलेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं. बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या वर होतं. पेन्सिलीच्या टिंबांची बेरीज केली तर ती या आकड्यापाशी जाऊन भिडते.

जी मुलं वर्गात टिकतात, त्यांचीही वाट सरळ नसते. इथे वीस गुणांची गोष्ट सांगायला हवी. भाषांना लेखी ८० आणि तोंडी २०. गणित, विज्ञान, समाजशास्त्रातही अंतर्गत मूल्यमापनाचे वा प्रात्यक्षिकाचे २० आहेत. जून २०१८ मध्ये दहावीत बसलेल्या तुकडीला नवी पुस्तकं मिळाली आणि भाषा-समाजशास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून घेतले गेले. त्यांचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. पुढची तुकडी जून २०१९ मध्ये वर्गात आली तेव्हा पेपर शंभरचा की ऐंशीचा, हे तिलाही माहीत नव्हतं आणि शिकवणाऱ्यांनाही. ऑगस्टमध्ये गुण परत आले. त्याच तुकडीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२० रोजी होणार होता. टाळेबंदी आली आणि तो झालाच नाही. ब्राझीलच्या नकाशावर वर्षभर बोट फिरवलेल्या मुलांना भूगोलाचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून मिळाले.

त्यांच्या मागून आलेली मुलं तर दहावीत बसलीच नाहीत म्हणायचं. जून २०२० मध्ये त्यांची दहावी सुरू झाली ती बापाच्या मोबाइलवर, रेंज मिळेल त्या झाडाखाली. परीक्षा रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लागला, ९९.९५ टक्के. महाराष्ट्राच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निकाल, आणि त्यातली कितीतरी मुलं पुढे अकरावीच्या वर्गात बसून समीकरणाच्या पहिल्या पायरीला अडली. त्यात त्यांचा दोष नव्हता. ज्या वर्षी वर्ग भरतच नाही, त्या वर्षी काय काय हातातून जातं, ते त्या पोरांनी सोसलं.

जे गळतात ते सगळे कायमचे जात नाहीत. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. मुंबईतल्या रात्रशाळांत आजही संध्याकाळी साडेसहा-सातला दहावीचा वर्ग भरतो. कुणी कपड्याच्या दुकानातून येतो, कुणी कॅन्टीनमधून, कुणी चार घरची धुणीभांडी आटोपून. २००८ मध्ये निकिता केतकरांनी सुरू केलेली ‘मासूम’ ही संस्था या शाळांसोबत काम करते. पहिली गरज तिथे अन्नाचीच असते, कारण दिवसभर काम करून आलेल्या माणसाला पायथागोरस उपाशीपोटी समजत नाही. शाळेत जाणंच शक्य नसेल त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म. ‘सतरा नंबर भरलाय’ हे वाक्य महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात ऐकू येतं, आणि ते उच्चारणाऱ्या बाईच्या आवाजात पुष्कळदा संकोच असतो. तो असू नये. लग्नानंतर पंधरा वर्षांनी कंपासपेटी विकत घेणारी बाई वर्गातल्या पहिल्या नंबराइतकीच कौतुकाची आहे.

सतराचे असोत की नियमित, सगळ्यांचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात. जूनचा पट फेब्रुवारीचा होतो तो या दिवसांत. फॉर्म भरला गेला की नाव मंडळाच्या यादीत जातं, आसनक्रमांक येतो, आणि मग मूल सहसा टिकतं. म्हणून या आठवड्यांत चांगले वर्गशिक्षक शाळा सुटल्यावर वस्त्यांवर फिरताना दिसतात. ते परीक्षेची फी खिशातून भरतात, मुकादमाशी वाद घालतात, आजीला समजावतात, चुलत्याच्या घरी मुलीच्या झोपण्याची सोय करून देतात. याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात मागितला जात नाही.

टोळी निघून दोन आठवडे झालेले असतात. यादी पक्की करताना एका मुलीच्या आईच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही. वर्गाच्या बाई रजिस्टर पुढ्यात ठेवून फोन लावतात. पलीकडे फड, वारा, पाचटाचा आवाज. आई म्हणते, आधारकार्ड कोपीत पेटीत आहे, रात्री पोराकडून फोटो टाकायला लावते. मग ती विचारते, “बाई, पेपर कधीपासून हायेत?” बाई सांगतात : फेब्रुवारीत, पहिला मराठीचा. तारीख दोनदा सांगावी लागते, कारण तेवढ्यात तिकडे ट्रॅक्टर सुरू होतो.